लखोट्यातले मत

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. लोकसभेची धामधूम चालली होती. सकाळी नऊच्या सुमारास आमच्या दारात जीप थांबली आणि तिच्यातून चार माणसे उतरली. दोघे मतदान अधिकारी, एक पोलीस आणि कॅमेरा घेतलेला एक पोरगा. आळीतली मुले जीपभोवती जमली. पोलीस पाहून समोरच्या काकूंनी "गुरुजी, काय झालं हो?" म्हणून दारातूनच विचारले. झाले काहीच नव्हते. माझ्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आईचे मत घ्यायला सरकार आमच्या घरी आले होते.

हे घरी येण्याचे प्रकरण पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. वयाची ८५ वर्षे ओलांडलेल्या आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरबसल्या मत देण्याची मुभा लोकसभेच्या निवडणुकीत देशभर मिळाली, ती २०२४ सालीच पहिल्यांदा. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत 'नमुना १२-ड' भरून द्यायचा. मग ठरल्या दिवशी पथक येते, टपाली मतपत्रिका हाती देते. मतदाराने खूण करायची आणि मतपत्रिका लखोट्यात घालून चिकटवून परत द्यायची. उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही त्या वेळी हजर राहता येते. नाव टपाली मतदानाचे, पण पोस्टमनचा त्यात काही संबंध नाही. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे मी त्यावरूनच भांडणार आहे.

आमच्या माजघरात स्टूल मांडले गेले, त्यावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. अधिकारी म्हणाले, "आजी, कुणी मदतीला हवंय का?" आईने पदराने चष्मा पुसला. माझ्याकडे, सुनेकडे, नातवाकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "मदत नको. तुम्ही सगळे बाहेर व्हा." जन्मभर वर्गातल्या पोरांना बाहेर काढण्याचे काम मी केले, त्या दिवशी मीच मुकाट्याने ओट्यावर येऊन उभा राहिलो. चांगली पाच मिनिटे गेली.

संध्याकाळी मी थट्टेने विचारले, "काय गं, कुणाला दिलंस?"

"सासऱ्याला सांगितलं नाही, ते तुला सांगू होय?"

आणि मग तिने १९५७ सालची हकिगत सांगितली. त्या वर्षी तिने पहिल्यांदा मत दिले. तेव्हा एकवीस वर्षे पुरी झाल्याशिवाय मत नसे. अठरा वर्षांची अट आली ती १९८९ साली. तेव्हा शिक्काही नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चित्र चिकटवलेले आणि मतदाराने पडद्याआड जाऊन आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. आदल्या रात्री जेवताना माझ्या आजोबांनी घरातल्या तिघी बायकांना कोणत्या चित्राच्या पेटीत कागद टाकायचा ते बजावले. सकाळी बैलगाडी जुंपली. "पडद्याच्या आत गेले," आई सांगत होती, "तर तिथं कुणीच नाही. मामंजी नाहीत, भाऊजी नाहीत, जाऊबाई नाहीत. लग्न होऊन आल्यापासून अशी एकटी मी पहिल्यांदाच उभी होते बघ." आणि तिने कागद दुसऱ्याच पेटीत टाकला. गाडीत बसून घरी आली, भाकऱ्या थापायला लागली. सदुसष्ट वर्षे हे तिने कुणाला सांगितले नव्हते.

मी माध्यमिक शाळेतला शिक्षक. निवडणुकीच्या कामावर किती वेळा गेलो याची मोजदाद नाही. केंद्राध्यक्ष म्हणूनही बसलो. मत गुप्त असते हे दर वेळी सहकाऱ्यांना बजावले. पण ही गुप्तता पुढाऱ्यांपासून राखायची असते, अशीच माझी समजूत होती. ती सासऱ्यापासूनही असते, हे मला आईने शिकवले.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे. हल्ली कुठेही मतदान कमी झाले, की शहाणी माणसे म्हणतात, "सगळ्यांनाच टपालाने मत देऊ द्या ना! घरबसल्या खूण करावी, लखोटा पेटीत टाकावा. मग बघा टक्का कसा वाढतो." खरेच वाढतो का?

टपाली मताचा माझा स्वतःचा अनुभव काही फारसा गोड नाही. निवडणुकीच्या कामावरच्या माणसाची नेमणूक भलत्याच गावी, म्हणून त्याने टपालाने मत द्यावे अशी सोय फार जुनी आहे. पूर्वी त्यासाठी अर्ज करायचा, मग मतपत्रिका घरी यायची, घोषणापत्रावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही घ्यायची आणि मतमोजणी सुरू होण्यापूर्वी लखोटा पोहोचेल अशा बेताने पाठवायचा. तीन वेळा माझी मतपत्रिका आली ती निकालाचा गुलाल वाळल्यावर. दिवसभर दुसऱ्यांची हजार मते नीट पेटीत घालणारा मी, माझेच मत तेवढे वाटेत राहिले. २०२३ साली नियम बदलला आणि आता कर्मचाऱ्यांनी प्रशिक्षणाच्या ठिकाणीच सुविधा केंद्रात मत द्यायचे असते. हा बदल मला मनापासून पसंत आहे. मी निवृत्त झाल्यावर तो झाला, एवढेच.

असो. जरा बाहेरचे पाहू. ब्रिटनमध्ये, उत्तर आयर्लंड सोडून, मागेल त्याला टपाली मत, कारण सांगायची गरज नाही, अशी सोय २००१ पासून झाली. त्याच २००१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत तिथे ५९.४ टक्के मतदान झाले. १९१८ नंतरचा तो नीचांक. २०२४ साली पुन्हा जेमतेम ६० टक्के. टपाल होते, लखोटे होते, तिकिटाचाही खर्च नव्हता. पण ज्याला मत द्यायचेच नाही त्याच्या घरी लखोटा नुसता टेबलावर पडून राहतो. आणि मध्यंतरी २००४ साली बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेत जे घडले त्याने तर सगळ्यांचेच डोळे उघडले. टपाली मतपत्रिकांची अफरातफर इतकी झाली, की दुसऱ्या वर्षी न्यायाधीश रिचर्ड मॉरी यांनी दोन वॉर्डांच्या निवडणुका रद्द ठरवल्या. मतपेटी पळवायला गुंड लागतात. लखोटे गोळा करायला गोड बोलणारा एक मनुष्य पुरतो.

स्वित्झर्लंडची कथा याहून मौजेची आहे. तिथल्या निरनिराळ्या कॅन्टननी निरनिराळ्या वर्षी टपाली मतदान सुरू केले, त्यामुळे आधी काय होते नि नंतर काय झाले याची तुलना करता आली. पॅट्रिशिया फुंक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी ती केली आणि २०१० साली प्रसिद्ध केली. एकंदर मतदानात म्हणण्यासारखी वाढ दिसली नाही. उलट जिथे लहान लहान गावे अधिक, तिथे ते घटलेले आढळले! कारण काय? लहान गावात कोण आले, कोण नाही हे सगळ्यांना दिसते. न गेल्यास चार लोक विचारतात. टपाल आले आणि न गेलेला मनुष्यही "मी लखोटा पाठवला" असे म्हणायला मोकळा झाला. मला हे वाचून हसू आले, कारण आमच्या गावातही निम्मे मतदान बोटावरची शाई दाखवण्यासाठीच होते.

सक्ती हा एक तिसरा उपाय. ऑस्ट्रेलियात १९२२ साली ६० टक्क्यांहून कमी मतदान झाले, १९२४ मध्ये सक्तीचा कायदा झाला आणि १९२५ साली आकडा ९१ च्या वर गेला. औषध रामबाण खरे. पण आपल्याकडे गुजरातेत स्थानिक निवडणुकांपुरती सक्ती आणू पाहिली, तिला २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. दंडाची पावती फाडून लोकशाही वाढवणे मला तरी रुचत नाही.

मग टपाली मत निरुपयोगी म्हणायचे का? मुळीच नाही. हिमाचलातल्या कल्पा गावचे श्यामशरण नेगी १९५१ पासून मत देत आले. २ नोव्हेंबर २०२२ रोजी, शंभरी ओलांडलेली असताना, त्यांनी पहिल्यांदा घरातून टपाली मत दिले आणि तीन दिवसांनी त्यांचे देहावसान झाले. ज्याचे मन केंद्रावर पोहोचलेले असते आणि पाय पोहोचत नाहीत, त्याच्यासाठी ही सोय अमोल आहे. तिने टक्का वाढेल न वाढेल. ती टक्क्यासाठी करायचीच नसते.

टक्क्याचेही एक गुपित सांगतो. २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झाले आणि दक्षिण मुंबईत पन्नासच्या आसपास. वर्तमानपत्रांनी मुंबईकरांना झोडपले. पण माझा पुण्याचा पुतण्याच पाहा. नाव आमच्या गावच्या यादीत, बिऱ्हाड गेली अकरा वर्षे पुण्याला. पुण्याचे आणि आमच्या बीडचे मतदान एकाच दिवशी, १३ मे रोजी. तो आमच्या यादीत गैरहजर लागला. त्याच्यासारखे किती गैरहजर आहेत, किती स्वर्गवासी आहेत आणि किती खरोखरच आळशी, हे टक्का सांगत नाही. आता वर्षातून एकदाच नव्हे तर चार तारखांना नावनोंदणीची पात्रता धरली जाते, बिऱ्हाड बदलल्यास 'नमुना ८' भरता येतो. पुतण्याला मी तीनदा सांगितले. त्याने भरला नाही. तो आळशीच निघाला, हेही कबूल करतो.

पण खरी हरवलेली मते या लोकांची नव्हेत. आमचा मुलूख बालाघाटाच्या डोंगराचा, ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळी झाली, की मुकादमाची गाडी येते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. त्याने उचल आधीच घेतलेली. म्हातारी माणसे आणि कुलपे मागे ठेवून गाव निघते ते पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांवर, ते पाडव्याच्या सुमारास परत. लोकसभा येते उन्हाळ्यात, तेव्हा ही मंडळी घरी असतात. पण जिल्हा परिषदेच्या निवडणुका २०१२ मध्ये आणि २०१७ मध्येही फेब्रुवारीत झाल्या, म्हणजे ऐन गाळपात! ज्या रस्त्याचा, ज्या शाळेचा, ज्या नळाचा प्रश्न त्यांचा, त्याच निवडणुकीला ते शंभर कोसांवर. मग उमेदवार गाड्या पाठवतात. ज्याची गाडी त्याचे मत, हे काही मी सांगायला नको.

म्हणून मी पूर्वी म्हणत असे, यांना टपाली मत द्या. आता म्हणत नाही. कोपीवर लखोटा येईल तो कुणाच्या हाती? मुकादमाच्या. पन्नास कोयत्यांचे शंभर लखोटे तो घेऊन येईल, उचलीच्या वहीसोबत ठेवील आणि खूण कुठे करायची ते सांगेल. आईला मामंजींनी सांगितले तसेच. फरक इतकाच, की पडदा नसेल. आईच्या वेळी माजघरात परके अधिकारी होते, आडोसा होता, आम्हांला बाहेर घालवण्याचा तिला हक्क होता. नुसत्या लखोट्याबरोबर हे काही येत नाही.

त्यांना हवे आहे ते केंद्र, कारखान्याच्या दारात. निवडणूक आयोगाने तसे यंत्र करून पाहिलेही. एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांची मते घेता येतील असे ते यंत्र जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला बोलावले. पक्षांनी शंका काढल्या. स्थलांतरित कुणाला म्हणायचे? दूरच्या केंद्रावर आमचे प्रतिनिधी कोण बसवणार? शंका खोट्या नव्हत्या. पण २०२४ ची निवडणूक त्या यंत्राविनाच झाली. माझे म्हणणे साधे आहे. ऊसतोड्यांचे जिल्हे ठरलेले, कारखाने ठरलेले, महिने ठरलेले. सगळ्या देशासाठी नको, एका जिल्ह्यापुरते चार कारखान्यांवर करून पाहा. आणि तेही जमत नसेल, तर निदान निवडणुकीची तारीख काढताना उसाचे पंचांग उघडून पाहा.

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. आईने मला १२-ड भरू दिला नाही. "घरात मत दिलं, पण कुणी भेटलंच नाही," म्हणाली. मग खुर्चीत बसवून नेले. परतताना आळीतली सात घरे कुलूपबंद. पाच मतदार चिठ्ठ्या आमच्याच घरी येऊन पडल्या होत्या. नियमात बसत नाही, पण देणाऱ्याने तरी कुठे द्यायच्या? आईने त्या देवघरातल्या डब्यात ठेवल्या.

पाडव्याला शेजारीण परत आली, तेव्हा आईने तिची चिठ्ठी काढून हातात दिली. तिने उलटसुलट करून पाहिली, "माझंच नाव हाये की," म्हणाली आणि घडी घालून चंचीत ठेवली.