विजेच्या बोली आणि यंत्रांचे कान

बारा कोसांवर भाषा बदलते, असे म्हणतात. कारखान्यात ती बदलावयास बारा पावलेही पुरतात. कोल्हापूरजवळच्या शिरोली वा गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फौंड्रीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. वाळू मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या पेटीत ११० व्होल्ट दाबाची वीज खेळत असते. शेजारच्या नव्या यंत्रावरील संवेदक २४ व्होल्ट डीसीवर चालतो. धूळ ओढणारा पंखा सुरू झाल्याची खूण येते ती थेट २३० व्होल्टची. तिघांचेही सांगणे एकच असते : 'आहे' किंवा 'नाही'. परंतु बोली तीन आणि ऐकणारा नियंत्रक एक, अशी ही अडचण आहे.

ही विविधता कोणाच्या गैरशिस्तीतून उद्भवलेली नाही. ऑइल इंजिने, उसाचे चरक आणि त्यांचे सुटे भाग यांवर उद्यमनगरातील कारागिरांनी आपला जम बसविला. शेतात विजेचे पंप आले, ऑइल इंजिनांची मागणी ओसरली, तेव्हा येथल्या भट्ट्या मोटारगाड्यांच्या ओतकामाकडे वळल्या. प्रत्येक वळणावर नवी यंत्रे आली. जुनी मात्र मोडीत निघाली नाहीत. चालते यंत्र टाकून देणे हे येथील कारागिराच्या स्वभावात बसत नाही आणि लहान कारखानदाराच्या खिशालाही परवडत नाही. त्यामुळे तीन पिढ्यांची यंत्रे एका छपराखाली नांदतात.

त्यांच्यावर देखरेख ठेवणारा अंकीय नियंत्रक, म्हणजे 'पीएलसी', हा तसा अलीकडचा पाहुणा. रिलेंची गुंतागुंतीची जुळणी टाळणारे साधन हवे, अशी मागणी अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९६८ मध्ये केली आणि डिक मोर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'मोडिकॉन'ने तिला उत्तर दिले. या नियंत्रकाचा मेंदू अवघ्या काही व्होल्टांवर चालतो. बाहेरचा दाब थेट आत शिरला तर तो क्षणात जळेल. म्हणून मध्ये 'ऑप्टोकपलर' बसवितात. बाहेरची वीज एक चिमुकला दिवा उजळते आणि पलीकडचा प्रकाशग्राही घटक तो उजेड पाहून आत वर्दी देतो. दोहोंमध्ये तारेचा संबंध नसतो. निरोप जातो तो उजेडाचा.

येथपर्यंत सारे सोपे आहे. पेच पडतो तो या दिव्यापर्यंत वीज बेताने पोहोचविण्यात. साधा उपाय रोधाचा. २४ व्होल्टसाठी सुमारे ४,७०० ओहमचा रोध घातला, तर ५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो व रोध जेमतेम कोमट होतो. त्याच तारेवर चुकून २३० व्होल्ट आले, तर प्रवाह दहापट होतो आणि उष्णता जवळजवळ शंभरपट, म्हणजे ११ वॅटांच्या घरात जाते. रोध करपतो आणि दिवाही त्याच्याबरोबर जातो. उलट रोध २३० व्होल्टच्या हिशेबाने दहापट मोठा ठेवला, तर २४ व्होल्टला अर्धा मिलिअँपिअरच प्रवाह मिळतो आणि दिव्याला नीट जाग येत नाही. म्हणूनच दर दाबाला वेगळे कार्ड घ्या, असे आजवर सांगितले जाते. मोठ्या कारखान्याला ते जमते. दहा-वीस कामगारांच्या कारखान्याला मात्र तीन प्रकारची कार्डे व त्यांचे तीन राखीव जोड बाळगणे हा भुर्दंडच होय.

यावरचा अधिक शहाणा मार्ग म्हणजे रोधाऐवजी प्रवाह स्थिर राखणारा परिपथ. दाब २४ असो वा २३०, तो सुमारे ३ मिलिअँपिअरच आत घेतो. त्याच्या पुढे दिष्टकारी पूल बसविला की एसी, डीसी हा भेदही उरत नाही आणि तारा उलट जोडल्या तरी बिघडत नाही. २३० व्होल्टला उष्णता मग सुमारे दोन-तृतीयांश वॅटावर येते. तथापि एका कार्डावर असे १६ परिपथ असतील, तर बंद पेटीत १० वॅटांची ऊब सतत साठत राहते. आणि भट्टीशेजारची पेटी मुळातच गार नसते. मग प्रवाह आणखी कमी का करू नये? नेमका येथेच खरा प्रश्न उभा राहतो.

कारखान्यात तारांचे जुडगे एकाच नळीतून शेकडो फूट धावते. २३० व्होल्टच्या जिवंत तारेशेजारची तार दुसऱ्या टोकाला खुली असली, तरी तिच्यावर शेजारधर्माने काही दाब उमटतो. मीटर लावला तर चांगले पन्नास-साठ व्होल्ट दिसतात. तंत्रज्ञ याला भुताचा दाब म्हणतात. त्यात जीव थोडा असतो. दोन-तीन मिलिअँपिअर ओढले की तो बहुधा विरतो. परंतु उष्णता वाचविण्यासाठी प्रवाह फार घटविला, तर भूत जागे राहते आणि बंद असलेला स्विच 'चालू' असल्याची खोटी साक्ष देते.

याचा दुसरा बंदोबस्त उंबरठ्याचा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार २४ व्होल्टच्या पहिल्या प्रकारच्या इनपुटात ५ व्होल्टपर्यंत 'नाही' आणि १५ व्होल्टपासून वर 'आहे' असे समजावयाचे. हाच उंबरठा २३० व्होल्टच्या तारेला लावला, तर पन्नास व्होल्टांचे भूतही त्यावरून सहज आत येईल. म्हणून परिपथाने कोणताही दाब सोसावा, परंतु कोणत्या दाबाला 'आहे' म्हणावयाचे, हे तारेगणिक माणसाने त्याला सांगून ठेवावे. वेळेचेही तसेच. एसी दाब सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो. दर वेळी 'नाही' असा निवाडा होऊ नये म्हणून १० मिलिसेकंदांहून अधिक थांबावे लागते. भरभर सरकणारे सुटे भाग मोजणाऱ्या डीसी संवेदकाला मात्र इतकी सबुरी परवडत नाही.

तात्पर्य, लवचिकता म्हणजे मोघमपणा नव्हे. येईल त्या दाबाला 'आहे' म्हणणारे इनपुट हे सर्वांना होकार देणाऱ्या माणसासारखे असते. त्याच्या शब्दावर विसंबता येत नाही. दाबयंत्राचे संरक्षक दार उघडे असताना ते बंद असल्याची खोटी वर्दी गेली, तर किंमत कार्डाची नसते, कामगाराच्या बोटांची असते. म्हणूनच आणीबाणीत यंत्र थांबविणारी तार अशा इनपुटावर सोडून भागत नाही; तिची स्वतंत्र, थेट जोडणीच असावयास हवी.

असा परिपथ रचण्यास लागणारे घटक बाजारात सहज मिळणारे आहेत. लागते ती कारखान्याच्या धुळीची, उष्म्याची आणि जुन्या तारांची ओळख. ती पुस्तकापेक्षा उद्यमनगराच्या गल्ल्यांत अधिक मिळते. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील आणि तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी शोभेची खेळणी करण्याऐवजी हा विषय हाती घ्यावा. फौंड्रीतील एक पेटी उघडून तिच्यातील दाब मोजण्यापासून आरंभ करावा. बंद पडलेल्या इंजिनाला ज्या गावाने वारंवार पुन्हा धडधडावयास लावले, त्या गावाच्या जुन्या यंत्रांना नव्या मेंदूशी नीट बोलता यावे, ही अपेक्षा काही फार मोठी नाही.