हीटर नको, पण त्याचा जोड सांभाळा

जामसरहून मोगरा घेऊन जव्हारला निघालेल्या पिकअपमध्ये हीटर लावतो कोण? पण त्याच्या होज पाइपमधून इंजिनचंच गरम पाणी फिरतं. तापून तापून प्लॅस्टिकचा जोड ठिसूळ होतो नि नेमका चढावर तुटतो. पाणी संपलं की काटाही खरं सांगत नाही, हेड गॅस्केट मात्र जाते.

पाणी गळताना दिसलं की इंजिन बंद करा. गरम असताना झाकण उघडू नका, तोंड भाजेल. नवा जोड मापाचा नि शक्यतो पितळी घ्या. पाइपचं फुगलेलं टोक कापून नवी क्लिप आवळा. (तारेनं बांधणं म्हणजे दोन दिवसांचा खेळ!) हीटरकडचाच जोड तुटला असेल, तर इंजिनकडची दोन्ही तोंडं एकाच पाइपनं जोडून घर गाठता येतं. थंड इंजिनात कूलंट भरा, झाकण उघडं ठेवून इंजिन थोडं चालवा. बुडबुडे थांबले की झाकण लावा.