सूक्ष्मजीवांचे इंधन : समज आणि वस्तुस्थिती

जनुकीय फेरफार केलेल्या सूक्ष्मजीवांकडून पेट्रोल-डिझेलची जागा घेऊ शकतील अशी इंधने करवून घेता येतात, ही गोष्ट खरी असली, तरी तिच्याभोवती ज्या कल्पना रूढ झाल्या आहेत, त्यांतील बहुतेक कसोटीस उतरत नाहीत.

सर्वांत खोल रुजलेला समज असा, की हे जीव ऊर्जा निर्माण करतात. वस्तुतः ऊर्जा असते ती साखरेत, आणि साखरेत ती येते सूर्यप्रकाशातून. सूक्ष्मजीव केवळ रूपांतर करतो. 180 ग्रॅम ग्लुकोजपासून, कणभरही वाया न गेल्यास, 92 ग्रॅम इथेनॉल अथवा 74 ग्रॅम आयसोब्युटेनॉल मिळेल, आणि या दोहोंतील ऊर्जा जवळजवळ सारखीच भरेल. मग हा खटाटोप कशासाठी? तर लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते आणि ते पाणी सहज शोषून घेते. आयसोब्युटेनॉलमध्ये ती चार-पंचमांशाच्या आसपास असून पाण्याशी त्याचे सख्य बेताचेच आहे. लाभ आहे तो इंधनाच्या गुणांत, साखरेच्या बचतीत नव्हे.

शास्त्रज्ञ सर्वस्वी नवा जीव घडवितात, हाही असाच एक भ्रम. 2008 साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जेम्स लियाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई. कोलाय या परिचित जिवाणूत जे केले, ते मला या विद्येतील सर्वांत सुंदर काम वाटते. व्हॅलिन हे अमिनो आम्ल तयार करण्याची जी वाट त्या पेशीत मूळचीच होती, तिच्यातील एक मधला पदार्थ, यीस्ट आणि इतर जिवाणूंकडून आणलेल्या मोजक्या जनुकांच्या साहाय्याने, त्यांनी आयसोब्युटेनॉलकडे वळविला. तथापि हे द्रव्य साचू लागले, की ते निर्माण करणाऱ्या पेशीलाच विषवत ठरते, आणि ही अडचण केवळ जनुके जोडून सुटत नाही.

असे जिवाणू बाहेर निसटून उत्पात करतील, ही भीती समजण्याजोगी आहे. परंतु बंद पोलादी टाकीत आयत्या साखरेवर वाढलेला आणि इंधननिर्मितीचा बोजा वाहणारा जीव मातीतील स्पर्धेत सहसा टिकत नाही. तरीही जनुकांचा प्रसार होऊ नये म्हणून उरलेला द्रव निर्जीव करूनच बाहेर सोडावा लागतो, आणि ही खबरदारी रास्तच होय.

प्रयोगशाळेत साधले म्हणजे पंपावर आले, असे मानणाऱ्यांनी ब्राझीलचे उदाहरण अवश्य पाहावे. तेथे ब्रोतास येथे अमायरिस कंपनीने उसाच्या रसावर वाढविलेल्या यीस्टकडून फार्नेसीन काढले, आणि त्यापासून केलेले इंधन विमानांच्या इंधनात 10 टक्क्यांपर्यंत मिसळण्यास 2014 साली मान्यताही मिळाली. परंतु खनिज तेलाच्या भावाशी मेळ न बसल्याने त्याच फार्नेसीनपासून सौंदर्यप्रसाधनांची द्रव्ये करण्याकडे कंपनीचा ओढा वळला.

महाराष्ट्रातील वाचकाला यापुढे साहजिकच उसाची चिपाडे आठवतील, आणि कच्चा माल तर फुकटच आहे, असे तो म्हणेल. परंतु चिपाडांतील साखर तंतूंत जखडलेली असते. ती मोकळी करण्यास उष्णता, रसायने आणि विकरे लागतात. तिच्यातील झायलोज हा अंश नेहमीच्या यीस्टला पचतच नाही, त्यासाठी वेगळी जनुके घालावी लागतात. आणि मुख्य म्हणजे साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये ही चिपाडे आजही जाळली जातात व त्यांवर वीज तयार होते, तेव्हा ती इंधनासाठी काढून घ्यावयाची, तर त्या वाफेची आणि विजेची तजवीज आधी करावी लागेल.