गाठ टाक्यांची, दुखणं पाळीचं

सिझेरियन होऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात. टाके कधीचेच भरलेले. तरी टाक्यांच्या जागी सुपारीएवढी गाठ हाताला लागते. महिन्यातले तीन-चार दिवस ती ठणकते, मग शांत होते. घरचे म्हणतात, ‘आत टाका राहिला असेल.’ कधी हर्नियाची शंका घेतली जाते. पण गाठ दर वेळी पाळीतच दुखत असेल, तर एंडोमेट्रिओसिसचाही विचार व्हायला हवा.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, तो हा आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो होतो. बहुतेकींमध्ये तो ओटीपोटातच असतो. क्वचित दूरवर आढळतो. सिझेरियनच्या वेळी या पेशी जखमेत राहू शकतात. रक्तावाटेही त्या पसरत असाव्यात, असं मानलं जातं. कुठेही असल्या तरी पाळीच्या हार्मोन्सनुसार त्या सुजतात, कधी त्यांतून रक्तही येतं. बेंबीतली अशी गाठ फ्रान्सच्या व्हिलार यांनी १८८६ मध्येच नोंदवली होती.

छातीतला प्रकार सर्वांत फसवा. पाळीच्या सुमारास, बहुधा उजव्या बाजूला, छातीत दुखतं, फुप्फुसाभोवती हवा साठून दम लागतो. काहींना खोकल्यातून रक्त पडतं. तेव्हा आपल्याकडे आधी टीबी आठवतो आणि टीबीची तपासणी करायलाच हवी. पण तीत काही निघालं नाही आणि रक्त पुन्हा पाळीतच पडलं, तर ते डॉक्टरांना सांगा. अचानक दम लागला, तर मात्र वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.

पातूरहून अकोल्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात किंवा सर्वोपचार रुग्णालयात जायचं, म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. त्यात जाणं जमतं त्या दिवशी नेमकं दुखत नसतं. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करा: पाळीला गोल, दुखण्याला फुली. तीन महिन्यांची पानं सोबत न्या. जमलं तर दुखण्याच्या दिवसांतच जा.

टाक्यांतली गाठ शस्त्रक्रियेनं पूर्ण काढली, की बहुतेकींना आराम पडतो. छातीतल्या आजारावर हार्मोनची औषधं आणि गरजेप्रमाणे शस्त्रक्रिया करतात. मात्र त्याआधी निदान व्हायला हवं. डॉक्टर पुरुष असले, तरी ‘हे मला पाळीतच होतं’ एवढं सांगायला लाजू नका.