फिरंगरोग आणि रक्तदात्याची परीक्षा

जुन्या वैद्यक पोथ्यांचा संग्रह ज्यांजवळ आहे, त्यांस ‘फिरंग’ हें रोगनाम अपरिचित नाहीं. सुश्रुतसंहितेंत ‘उपदंश’ आहे, परंतु ‘फिरंग’ नाहीं. सोळाव्या शतकांतील समजल्या जाणाऱ्या भावमिश्रानें ‘भावप्रकाशां’त उपदंशाहून निराळा असा फिरंगरोग सांगितला असून, फिरंग देशांत तो फार आढळतो व फिरंग्यांच्या संसर्गानें होतो, अशी नांवाची उपपत्ति दिली आहे. त्यावर पारदकल्प व चोपचिनी हे उपाय सांगितले आहेत. गार्सिया द ओर्ता याच्या, १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या ग्रंथांतहि चोपचिनीचा या रोगावरील उपयोग चर्चिला आहे. ज्या पोथींत हा रोग या नांवानें येतो, तिचा तेवढा भाग १४९८ नंतरचा मानणें प्राप्त होतें. हल्लीं याच रोगास उपदंश व लोकभाषेंत गरमी म्हणतात.

भावमिश्रास संसर्ग ठाऊक होता; परंतु एकाचें रक्त दुसऱ्याच्या शरीरांत घालतांना हा रोगहि जाईल, हा प्रश्न त्याच्यापुढें असण्याचें कारणच नव्हतें. तो विसाव्या शतकांत उत्पन्न झाला. १९०१ सालीं लांडस्टाइनर यानें रक्ताचे गट प्रसिद्ध केले. १९०५ सालीं शाउडिन व हॉफमन यांनीं या रोगाचा मळसूत्री जंतु शोधला, व १९०६ सालीं वासरमान यानें रक्तपरीक्षा बसविली. आरंभीं दात्याचें रक्त ताजेंच रोग्याच्या अंगांत जाई, त्यामुळें जंतूहि जिवंत जात. अशा रीतीनें रोग लागल्याचें उदाहरण १९१५ सालीं अमेरिकेंत नमूद झालें. लंडन येथें पर्सी ऑलिव्हर यानें १९२१ सालीं स्वयंसेवी दात्यांची यादी ठेवण्यास आरंभ केला, तेव्हां गटाबरोबर वासरमान परीक्षाहि पाहूं लागले.

ही परीक्षा जंतु पाहत नाहीं, हें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. रोग्याच्या शरीरांत जीं प्रतिद्रव्यें उत्पन्न होतात, त्यांचा ती माग काढते. वासरमाननें त्यासाठीं रोगग्रस्त गर्भाच्या यकृताचा अर्क वापरला. परंतु निरोगी प्राण्याच्या हृदयाच्या अर्कानेंहि तेंच कार्य होतें, असें १९०७ सालीं लांडस्टाइनर व त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. त्या अर्कांतील कार्यकारी स्निग्ध द्रव्य, कार्डिओलिपिन, मेरी पँगबॉर्न हिनें १९४१ सालीं वेगळें केलें, व त्याच्याच आधारें १९४६ सालीं व्ही. डी. आर. एल. ही सुलभ परीक्षा निघाली. तींत रक्तद्रव व तयार द्रव एकत्र हालवून गुठळ्या जमतात कीं नाहीं, एवढेंच सूक्ष्मदर्शकानें पाहावयाचें असतें.

आडवाटेनें मिळालेल्या या साक्षीस दोन्ही बाजूंनीं दोष आहेत. संसर्ग होऊन कांहीं आठवडे लोटेपर्यंत प्रतिद्रव्यें पुरेशीं नसतात. त्या अवधींत रक्तांत जंतु असूनहि परीक्षा निर्दोष येते. उलटपक्षीं महारोग, हिंवताप किंवा गर्भावस्था यांमुळें, रोग नसतांहि ती सदोष येऊं शकते. पहिल्या चुकीनें रक्त घेणाऱ्याचा घात होतो, दुसरीनें देणाऱ्याच्या अब्रूस धक्का बसतो. म्हणून एका परीक्षेवर निवाडा करीत नाहींत. सदोष आलेलें रक्त बाजूस काढतात, व दात्याविषयीं निर्णय मात्र जंतुविशिष्ट अशा दुसऱ्या परीक्षेनें, गुप्तता राखून करावयाचा असतो.

शीतगृह ही तिसरी तटबंदी होय. १९१४-१५ च्या सुमारास सायट्रेटनें रक्त गोठूं न देण्याची युक्ति सांपडली, व १९३७ सालीं शिकागो येथें रक्तपेढी निघाली. चार अंश उष्णमानांत ठेवलेल्या रक्तांत हा जंतु बहुधा तीन ते पांच दिवसांत मरतो. परंतु रक्तांतील बिंबिका साध्या खोलीच्या उष्णमानांत ठेवाव्या लागतात, तेथें या तटबंदीचा आधार नाहीं.

शेवटीं दात्याची स्वतःची जबानी. पैशासाठीं रक्त विकणारा खरें लपवील, हें उघड आहे. भारतांत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून अशी विक्री बंद झाली. आणि प्रत्येक दिलेल्या रक्ताची उपदंशासाठीं परीक्षा करणें येथें कायद्यानें बंधनकारक आहे.

पोथीचा लेखनशक, तिचा कागद व तींतील अक्षरवळण हीं तिन्हीं पडताळल्याशिवाय आपण तिचा काळ मान्य करीत नाहीं. दात्याची जबानी, रक्ताची परीक्षा व थंडींतील मुदत यांचा मेळहि तसाच घालावा लागतो. भेद इतकाच कीं, आपली चूक पुढील अंकांत दुरुस्त करतां येते. एकदां रोग्याच्या शरीरांत गेलेलें रक्त परत काढतां येत नाहीं.