निर्दोष ईयोब, पापी सगळेच

मागच्या लेखांकात आपण चांद्याच्या स्कॉटिश एपिस्कोपल मिशनपाशी थांबलो होतो. १८७०च्या दशकात, मिशनच्या सुरुवातीच्या काळात तिथे काम केलेले नेहेम्या गोरे म्हणजे काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री. बायबलच्या चुका काढायला याहून तयारीचा माणूस मिळाला नसता. ख्रिस्ती मताची बाजू घेऊन हिंदू शास्त्रांवर टीका करणाऱ्या जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षे’ला उत्तर म्हणून त्यांनी संस्कृतात ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. १८४८ साली बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर.

हमखास विचारली जाणारी विसंगती अशी. ईयोबाचं पुस्तक सुरू होतं तेच तो निर्दोष आणि सरळ होता असं सांगत. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो, नीतिमान एकही नाही. मग खरं कोणाचं?

मला ही शंका वरवरची वाटते. ज्यांनी एक सांगितलं, त्यांनीच बहुधा दुसरंही सांगितलं आहे. तेराव्या अध्यायात ईयोब स्वतःच आपल्या तरुणपणच्या पापांची आठवण काढतो. पौल ज्या चौदाव्या स्तोत्राचा आधार घेतो, त्यात सगळे बिघडलेले ठरवून झाल्यावर दोनच वचनांनी नीतिमानांची पिढी येते. लूकने तर कमाल केली आहे. जखऱ्या याजक आणि त्याची बायको अलीशिबा दोघंही आज्ञापालनात निर्दोष. पण म्हातारपणी मूल होईल हे देवदूताचं सांगणं जखऱ्याला पटत नाही आणि त्याची वाचा बसते. पुढे पाटीवर पोराचं नाव लिहून देतो तेव्हा कुठे जीभ मोकळी होते. हे सगळं एकाच अध्यायात, आणि लूक आधीचा दाखला मागे घेत नाही. मोशेच्या नियमशास्त्रातच पापार्पणाची सोय आहे. चुकल्यावर त्याचं निस्तरणं हाही आज्ञापालनाचाच भाग.

खरी अडचण पुढे आहे. निर्गमच्या विसाव्या अध्यायात बापाच्या अपराधाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत; यहेज्केलच्या अठराव्यात मुलाने बापाचं पाप वाहायचं नाही. बापजाद्यांचं आम्ही भोगतोय म्हणत हात झटकणाऱ्या, बाबेलात नेलेल्या लोकांना यहेज्केल खडसावत होता, हे खरं. निर्गमातली आज्ञा देवाचा द्वेष करणाऱ्यांपुरती आहे, असंही भाष्यकार सांगतात. पण पाळण्यातल्या पोराने द्वेष केला कधी?

नीळकंठशास्त्र्यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं होतं. तान्ही मुलं दुःख भोगतात, जनावरं भोगतात. पूर्वजन्म मानायचा नाही, तर हे कशाचं फळ? डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीच्या खेड्यांत बाळांचे मृत्यू मोजले आणि घरोघरी उपचार पोचवले, त्या मुलखात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाबद्दल हेच विचारतात: पाप याचं, की आईबापाचं? येशू दोन्ही नाकारतो, थुंकीने माती कालवतो आणि त्याच्या डोळ्यांना लावतो. ख्रिस्ती झालेल्या गोऱ्यांनी कर्मसिद्धान्ताशी पुढे कसा वाद घातला, ते ‘षड्दर्शनदर्पण’ उघडून पुढच्या आठवड्यात पाहू.