मैदानाकडे जाणारी दुसरी वाट

मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यासारख्या गावात पळणं कुणाला शिकवावं लागत नाही. चढ-उताराच्या वाटांनी पोरांचे पाय आणि छाती आपसूक तयार होतात. आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धा आल्या की हीच पोरं कबड्डी, खो-खो आणि धावण्याची मैदानं गाजवतात. पण ज्या अंगाने ती खेळतात, त्याच अंगाने ती राबतातही. झाडावर चढायचं, लाकडं उतरवायची आणि दिवाळी सरली की आईबापांबरोबर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जायचं. त्यामुळे पडणं, मोडणं, चेंगरणं या गोष्टी इथल्या जगण्यात नेहमीच्या आहेत. गंभीर जखमी माणसाला आधी मोखाडा किंवा जव्हारच्या रुग्णालयात नेतात, मग नाशिक वा ठाण्याला. जीव वाचला की घरचे देवाचे आभार मानतात, आणि बहुतेकदा गोष्ट तिथेच संपते. पुन्हा खेळेल का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

हा प्रश्न विचारला गेला तर काय घडू शकतं, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे मुरलीकांत पेटकर.

मुष्टियोद्ध्याचे खांदे

पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूर भागातले. लहानपणी कुस्तीचा नाद, पुढे सैन्याच्या ईएमई या तांत्रिक दलात भरती आणि तिथे मुष्टियुद्ध. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. मुष्टियुद्ध पायांवर चालतं. ठोसा हाताने मारला तरी त्याचं बळ टाचेतून वर येतं. म्हणजे त्यांचा खेळ मुळापासूनच गेला होता.

मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात उपचार चालू असताना त्यांना पोहायला सांगितलं गेलं, ते व्यायामोपचार म्हणून. जमिनीवर जे शरीर ओढावं लागतं त्याचा बराचसा भार पाणी उचलतं. पाय मारता येत नसले तरी खांदे, छाती आणि श्वास यांच्या जोरावर पुढे जाता येतं. मुष्टियोद्ध्याकडे नेमकं हेच शाबूत होतं. दुखापतीने काय नेलं याचा हिशेब सगळेच करतात. काय मागे ठेवलं, हे पाहायला जाणता माणूस लागतो.

पेटकरांआधी हे इंग्लंडमध्ये पाहिलं गेलं होतं. कण्याची इजा झालेला रुग्ण बहुधा शय्याव्रणांनी किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावतो, असाच दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा अनुभव होता. जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मॅंडेव्हिल येथे अशा रुग्णांसाठी विभाग सुरू केला. रुग्णाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवायचं आणि त्याला खेळायला लावायचं, या दोन्ही गोष्टींना त्यांनी उपचारांत सारखंच महत्त्वाचं स्थान दिलं. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, तिथे १६ जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. १९६० च्या रोममधल्या पॅरालिंपिकचं मूळ तिथे आहे.

१९६८ मध्ये तेल अवीवला भारताने पहिल्यांदा पॅरालिंपिकमध्ये भाग घेतला. त्या संघात पेटकर टेबल टेनिस खेळले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर मुक्त शैलीच्या जलतरणात त्यांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक जिंकलं. ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्राने भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळवून दिलं ते २००८ मध्ये, म्हणजे त्यानंतर ३६ वर्षांनी.

या यशाची गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. ती जिद्दीची आहेच. पण तिच्यात लष्करी रुग्णालय आहे, पोहण्याचा तलाव आहे, व्यायामोपचार करून घेणारी माणसं आहेत. परदेशी जाण्याच्या खर्चाला हात देणारे क्रिकेटपटू विजय मर्चंट आहेत. पुढे पुण्यातली टेल्कोची नोकरी आहे. यातला एक जरी दुवा निखळला असता तर तीच जिद्द घराच्या ओटीवर बसून राहिली असती. आणि एवढं करूनही दखल उशिराच घेतली गेली: पद्मश्री २०१८ मध्ये, अर्जुन जीवनगौरव २०२५ च्या जानेवारीत.

तोच डोंगर, तीच माती

पेटकरांच्या पाठीशी सैन्य होतं. डोंगरातल्या पोराच्या पाठीशी कोण, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर फार लांब नाही. मोखाड्याहून घाट चढून नाशिक जिल्ह्यात शिरलं, त्र्यंबक-पेठ ओलांडलं की सुरगाणा तालुका लागतो. तिथल्या तोरणडोंगरी या आदिवासी पाड्यावरच्या दिलीप गावितने लहानपणी झाडावरून पडल्यानंतर हात गमावला. शाळकरी वयात तो धावू लागला आणि नाशिकचे प्रशिक्षक वैजनाथ काळे यांनी त्याला हाताशी धरलं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने ४०० मीटर शर्यत ४९.४८ सेकंदांत जिंकली. ते त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक ठरलं. पुढच्या वर्षी पॅरिस पॅरालिंपिकची अंतिम फेरीही त्याने गाठली.

त्याचा गट टी-४७. ‘टी’ म्हणजे धावपट्टीवरचे प्रकार. ४५ ते ४७ हे हाताच्या व्यंगाचे गट. एका हाताने धावणं म्हणजे निम्मी अडचण नव्हे. सुरुवातीला दोन्ही हात टेकून बसण्याचा तोल बिघडतो आणि वळणावर शरीर एका बाजूला ओढतं. पावलाला जोड देणारा झोका एकाच बाजूने मिळतो, म्हणून पोट आणि पाठीचे स्नायू वेगळ्या रीतीने घडवावे लागतात. ते जाणकार नजरेखाली वर्षानुवर्षं करायचं काम आहे.

करमाळ्याच्या सुयश जाधवची कहाणी तर शब्दशः परतण्याची. वडिलांच्या देखरेखीखाली तो पोहायला शिकला होता. अकराव्या वर्षी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गेले, तरी तो पाण्यात परतला. २०१६ च्या रिओ पॅरालिंपिकपर्यंत पोचला, २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण जिंकलं आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवला. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी शाळकरी वयात सायकलवरून पडला आणि डाव्या हाताची इजा चिघळत गेली. पॅरिसला २०२४ मध्ये त्याने १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं. सुवर्ण अवघ्या ६ सेंटिमीटरनी हुकलं.

पोशेऱ्यात काय करता येईल

सुरुवात मैदानाच्या आधी, अपघाताच्या जागीच होते. उंचावरून पडलेल्याला हातापायांना धरून उचलू नये. मान-पाठ सरळ ठेवून फळीवर वा दारावर न्यावं, नाहीतर दुखावलेला कणा उचलताना आणखी दुखावू शकतो. हाडावर घट्ट पट्ट्या आवळल्या आणि बोटं गार, निळसर, बधिर पडू लागली, तर पट्टी तत्काळ सैल करून रुग्णालय गाठावं. रक्त अडलं की हात वाचवण्यासाठी हाताशी काही तासच असतात.

पुढचा टप्पा शाळेचा आणि ग्रामपंचायतीचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३० खेळांतल्या सहभागाविषयीच आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. लहान गावात ते उत्पन्नच तुटपुंजं, हे खरं. पण जव्हार-मोखाडा हे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालचे तालुके आहेत. पेसाचा अबंध (ठरावीक कामाशी न बांधलेला) निधी इथे थेट गावाकडे येतो आणि शिक्षण-आरोग्यावर तो कसा लावायचा हे ग्रामसभा ठरवते. एखाद्या मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र, नाशिकपर्यंतचं भाडं, वर्गीकरण चाचणीचा प्रवास यासाठी कुणी हात वर करून मागणी केली, तर ग्रामसभेला तिचा विचार करता येतो.

त्याआधी एक साधी गोष्ट करता येईल. आश्रमशाळांच्या पुढच्या क्रीडा स्पर्धेत दिव्यांग मुलांसाठी एक धाव आणि एक फेक ठेवावी. तिथे घेतलेली वेळ आणि अंतर कागदावर उतरलं, तर कुणा प्रशिक्षकाला या डोंगरात बघण्यासारखं काही आहे हे कळेल. आज ती मुलं स्पर्धेच्या दिवशी सामान सांभाळत बसतात, म्हणून त्यांची वेळ कुणी घेतलेलीच नाही. गुणवत्ता या मातीत आहे, हे गावितने दाखवून दिलं आहे. घड्याळ लावायचं काम मोठ्यांचं आहे.